किती गाई घ्यायच्या, ते मे महिना ठरवतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मंगळवेढा तालुक्याच्या दक्षिण भागात घरची चार एकर जमीन. दोन एकर कोरडवाहू, दोन एकराला विहिरीचं पाणी, तेही फेब्रुवारीपर्यंत. तुम्ही चाकणला कंपनीत, गावी आई-वडील आणि दोन गाई. बँक दहा लाखांचं कर्ज द्यायला तयार आहे, म्हणून दहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई घेऊन नोकरी सोडावी असं मनात आहे. मोबाइलवर लोक दहा गाईंत महिन्याला लाख सुटतात म्हणून दाखवतात, गावातली माणसं म्हणतात दुधाचा धंदा संपला. यातलं खरं काय, आणि गाय घ्यावी की म्हैस?

मी पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला या पट्ट्यात जनावरांचा डॉक्टर म्हणून बरीच वर्षं काम करतो आहे. दुधावर घर बांधलेली, पोरींची शिक्षणं केलेली माणसं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. शेड उभं आहे, गव्हाणी रिकाम्या आहेत आणि हप्ते मात्र चालू आहेत, असे गोठेही मला माहीत आहेत. दोघांचं दूध एकाच केंद्रावर जातं, भाव एकच मिळतो. त्यामुळे निव्वळ भावावर बोट ठेवून हा फरक समजत नाही. भाव महत्त्वाचा आहेच, त्यावर पुढे बोलतो. पण गोठा टिकतो की मोडतो हे आपल्याकडे दोन गोष्टींवर ठरतं: उन्हाळ्यात हाताशी असलेला चारा-पाणी, आणि दोन वेतांमधलं अंतर.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन. मे महिन्यात, विहिरीनं तळ गाठलेला असताना, विकतच्या हिरव्या चाऱ्यावर न जाता तुमच्या दावणीला किती जनावरं पोटभर खातील? जेवढी खातील तेवढीच घ्या. बँक किती देते यावरून गाईंची संख्या ठरवू नका.

आता सोलापूर जिल्हा काही सगळीकडे सारखा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माळशिरसला नीरेचा उजवा कालवा आहे, पंढरपूर, माढा, मोहोळच्या बऱ्याच गावांना उजनीचं पाणी मिळतं. तिथे बांधावर बारमाही गवत आहे, घराशेजारी ऊस आहे. तिथला माणूस पंधरा-वीस गाई सांभाळतो म्हणून तुमच्या गावात तेवढ्या सांभाळता येतील असं नाही. मंगळवेढ्याचा दक्षिण भाग, सांगोल्याची कोरडी गावं, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा काही भाग, करमाळ्याचा माळ, इथला हिशेब वेगळा. पाऊस वर्षाला सरासरी ५००-५५० मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरच्या परतीच्या पावसाचा. तो चुकला की रब्बी गेली, कडबा गेला. २०१२-१३ ला आणि २०१८-१९ ला आपल्याकडे चारा छावण्या लागल्या होत्या, ते तुमच्या वडिलांनी पाहिलेलं असणार. २०२३ ला पाऊस कमी झाला, उजनी पूर्ण भरलं नाही आणि २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ्यात (वापरायच्या पातळीच्या खाली) गेलं, तेव्हा कालव्याखालच्या गोठ्यांचीही धावपळ झाली. पाच-सात वर्षांत एकदा असं वर्ष येतंच असं धरूनच आपल्याकडे गोठ्याची आखणी करायची.

भावाचं बोलू. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारनं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) गाईच्या दुधाला ३४ रुपये किमान दर ठरवला होता. वर्ष संपता संपता बऱ्याच केंद्रांवर २५ ते २७ रुपये हातात पडू लागले. जानेवारी २०२४ मध्ये लिटरला ५ रुपये अनुदान आलं, ऑक्टोबर २०२४ पासून ते ७ रुपये झालं. अनुदान चांगलंच, पण ज्यांच्या जनावरांच्या कानात बिल्ला नव्हता, ऑनलाइन नोंद नव्हती, बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं, त्यांना ते मिळायला अडचण आली. हे चढउतार का होतात? आपल्या भागातलं गाईचं बरंच दूध पिशवीत न जाता पावडर आणि लोण्यात जातं. पावडरीचा बाजार पडला, की इथल्या केंद्रावरचा दर पडतो. तुम्ही कितीही चांगलं दूध घातलं तरी त्यावर तुमचा ताबा नाही. म्हणून हिशेब करताना सगळ्यात चांगला दर धरू नका, पडलेला दर धरा आणि त्यात गोठा तरतो का ते बघा.

एक गाय घेऊन आकडे मांडतो. हे धरलेले आकडे आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा. व्यायल्यावर वीस लिटर देणारी गाय पूर्ण वेताला वीस लिटर देत नाही. आपल्या उन्हात, मध्यम व्यवस्थेत ३०५ दिवसांची सरासरी ११ लिटर पडली तरी ठीक. म्हणजे ३,३५५ लिटर. दर ३० रुपये धरला तर १,००,६५० रुपये. आता खर्च. दुधात असताना पाच किलो पेंड, वीस किलो हिरवा चारा किंवा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा), चार किलो कडबा, थोडं क्षारमिश्रण, असं धरून दिवसाला २६५ रुपये. आटल्यावर दिवसाला १२०. गाय वर्षाला वेत देत असेल तर ३०५ दिवस दुधाचे आणि ६० दिवस आटलेले. खर्च ८८,०२५. हातात उरतात १२,६२५ रुपये. यात मजुरी नाही, औषध नाही, वीज नाही, हप्ता नाही.

हीच गाय वेळेवर गाभण राहिली नाही आणि दोन वेतांतलं अंतर पंधरा महिन्यांवर गेलं, तर आटलेले दिवस ६० चे १५० होतात. खर्च ९८,८२५. उरले १,८२५. शेवटी शेवटी दोन-तीन लिटर दूध निघत राहील, त्यानं चित्र फारसं बदलत नाही. दुधाचा दर एक पैसाही न पडता, नुसते तीन महिने वाया गेल्यानं नफा पुसला गेला. लोक दरावर भांडतात ते बरोबरच आहे, भांडलंच पाहिजे. पण हे तीन महिने घराघरात रोज जातात आणि त्यावर कोणी बोलत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण ते आपल्या हातात असतात.

आता वेळेवर विणाऱ्या गाईचाच हिशेब दर बदलून पाहा. २६ रुपयांना गाय तोट्यात जाते. ३५ रुपयांना २९ हजारांच्या वर उरतात. मोबाइलवरचा माणूस खोटं बोलतो असं नाही. त्याचा दर चांगला असेल, चारा घरचा असेल, गाई नुकत्या व्यायलेल्या असतील. पण तो तुम्हाला वर्षातला सगळ्यात चांगला महिना दाखवतो. आणि तुमचे दहा लाख? पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी घेतले तर महिन्याचा हप्ता २१,७०० रुपयांच्या आसपास, वर्षाला २ लाख ६० हजार. वरच्या हिशेबानं ३० रुपये दरात दहा गाईंतून वर्षाला सव्वा लाख उरतात. हप्ता कशातून भरणार? तो भरायला गाय विकावी लागते आणि एक विकली की उरलेल्यांवर हप्त्याचा बोजा वाढतो. बंद पडलेले बहुतेक गोठे मी असेच बंद पडताना पाहिले आहेत.

मग २६५ रुपयांचा खर्च खाली कसा आणायचा? पेंडीचा भाव आपल्या हातात नाही. चारा आपल्या हातात आहे. इथे मी जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा धंदा इथे आहे.

आपल्या भागाला निसर्गानं एक मोठी गोष्ट दिली आहे, ती म्हणजे मालदांडी ज्वारीचा कडबा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, लोक तिची भाकरी वाखाणतात, पण जनावरांच्या डॉक्टरला विचाराल तर मी आधी तिच्या कडब्याचं नाव घेईन. गोड असतो, पानं धरून ठेवतो, जनावर आवडीनं खातं. तुमच्या दोन एकर कोरडवाहू रानात ज्वारी सोडून दुसरं काही करू नका. कमी पडणारा कडबा फेब्रुवारी-मार्चला, काढणी चालू असताना शेकड्यावर घेऊन गंज रचून ठेवा. मे महिन्यात तोच कडबा कितीतरी महाग मिळतो. आणि कुट्टी (बारीक तुकडे) केल्याशिवाय टाकू नका. अख्ख्या पेंढ्या टाकल्या की जनावर पानं ओढून खातं, धाटं पायाखाली तुडवतं. त्यात बराचसा कडबा वाया जातो.

दुसरं म्हणजे मुरघास. विहिरीला पाणी फेब्रुवारीपर्यंत आहे म्हणता ना, मग उन्हाळ्यात हिरवा चारा पिकवायचा नाद सोडा. पाणी आहे तोवर मका करा आणि ती मुरवून ठेवा. जूनच्या पावसावर एक, ऑक्टोबरच्या शेवटी दुसरी. आफ्रिकन टॉल ही चाऱ्याची जात चालते, पण कणीस भरलेली मका मुरघासाला जास्त चांगली, कारण दाण्यातून ऊर्जा मिळते. पेरणीपासून साधारण ८० ते ९० दिवसांनी, दाणा दाबल्यावर दूध घट्ट होऊन चिकासारखं झालेलं असतं तेव्हा कापायची. कुट्टी मुठीत घट्ट दाबून मूठ उघडा. गोळा लगेच फुटला तर मका वाळली आहे, बोटांतून पाणी गळलं तर अजून कोवळी आहे. गोळा हळूहळू सैल झाला आणि तळहात नुसता ओलसर राहिला, तर बॅगा भरायला घ्या. पायानं, नाहीतर ट्रॅक्टरनं दाबून हवा काढा. बरेचसे मुरघास हवा राहिल्यानं बुरशी येऊन वाया जातात. ४५ दिवसांनी उघडा. बुरशी आलेला भाग जनावराला घालू नका, गाभण गाईला तर मुळीच नाही.

हिशेब बघा. फेब्रुवारी ते जून असे १५० दिवस, जनावराला रोज १५ किलो, म्हणजे एका जनावराला सव्वादोन टन. नासधूस धरून अडीच टन. एकरी १५ ते १८ टन मका आली तर एका एकरात सहा ते सात जनावरांचा उन्हाळा निघतो. तुमच्या दोन बागायती एकरांतला एक मक्याला, राहिलेल्यात अर्धा एकर लसूणघास आणि संकरित नेपियर गवत, असं बसवलंत तर सहा मोठी जनावरं आणि त्यांची वासरं बसतात. दहा बसत नाहीत. पाण्याचंही तसंच. उन्हाळ्यात दुभत्या गाईला प्यायला, धुवायला धरून दिवसाला शंभर लिटर लागतात. दहा गाईंना रोज हजार लिटर. मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर दूध काढणं परवडत नाही.

उसाच्या वाढ्याबद्दल (ऊस तोडल्यावर उरणारे हिरवे शेंडे) एक इशारा. कारखाने सुरू झाले की नोव्हेंबर ते मार्च वाढं स्वस्तात किंवा फुकट मिळतं आणि लोक चार-चार महिने तेवढ्यावरच जनावरं ठेवतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातला कॅल्शियम बांधून टाकतं. मग गाय व्यायली की दुग्धज्वरानं बसते, माजावर येत नाही, गाभ न राहता उलटत राहते. वाढं घाला, पण निम्म्याच्या वर नको. कुट्टीवर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत कडबा द्या, क्षारमिश्रण रोज ५० ग्रॅम चुकवू नका.

सांगोला तालुक्यातल्या एका गोठ्यावर मला गाय दाखवायला बोलावलं होतं. दाखवायची होती गाय, पण मालकानं आधी खिशातून केंद्राची पावती काढली. फॅट ३.३, एसएनएफ ८.०. दर पॉइंटला कापून कापून कितीतरी खाली आला होता. त्यांचं म्हणणं मशीन गडबड करतं. तसं कुठे होतही असेल, म्हणून मी नेहमी सांगतो की आठवड्यातून एकदा तेच दूध दुसऱ्या केंद्रावर तपासून बघा. पण गव्हाणीत पाहिलं तर नुसतं हिरवं वाढं. शेण पातळ. सात गाई बसलेल्या, त्यातल्या दोनच रवंथ करत होत्या. पाण्याची टाकी उन्हात, हात घातला तर पाणी कोमट. औषध काहीच दिलं नाही. वाढं निम्म्यावर आणलं, कडब्याची कुट्टी सुरू केली, पेंड दोन वेळांऐवजी चार वेळा विभागून द्यायला लावली, टाकीवर सावली केली, खडामीठ टांगलं. कासदाहाची (कासेच्या सुजेची) चाचणी केली, त्यात एक गाय निघाली, तिच्यावर उपचार केले. काही आठवड्यांत एसएनएफ ८.४ वर आलं. फॅट-एसएनएफ गोठ्यात ठरतं, आणि लिटरमागे दोन-तीन रुपयांचा फरक तिथेच पडतो.

आता वेतांमधल्या अंतराकडे येतो. एचएफ गाय थंड मुलखातली. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा ती खाणं कमी करते, तोंड उघडून धापा टाकते, आणि माज दाखवत नाही. दाखवला तरी भरवून (रेतन करून) गाभ राहण्याचं प्रमाण बरंच घटतं. म्हणून गोठा बांधताना सिमेंट-लोखंडावर पैसे ओतू नका. छत उंच ठेवा, पूर्व-पश्चिम लांबी ठेवा, पत्र्यावर पाचटाचा जाड थर टाका, बाजूंच्या भिंती बांधू नका, मुक्त संचार ठेवा आणि आजच कडुलिंब लावा. वैरणीचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री द्या, दुपारी नको. दुपारी अंगावर पाणी आणि समोर पंखा असं दोन्ही मिळून काम करतं. नुसत्या फवाऱ्यानं दमटपणा वाढतो आणि उलट त्रास होतो.

आणि माज पाहायला माणूस लागतो. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. व्यायल्यानंतर ६० दिवसांपासून लक्ष ठेवा, ९० दिवसांत भरली नाही तर डॉक्टर बोलवा. भरवल्यावर दोन-अडीच महिन्यांनी गाभ तपासून घ्या. भिंतीवर एक कॅलेंडर लावा: व्यायली कधी, भरवली कधी, कोणत्या वळूचं बीज, तपासली कधी. माझ्या पाहण्यात जे गोठे चालतात, त्यातल्या जवळपास सगळ्यांकडे हे कॅलेंडर आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते घरातल्या बाईच्या हातानं लिहिलेलं असतं.

यावरून एक गोष्ट स्पष्टच विचारतो. तुमच्या योजनेत दहा गाईंचं काम कोण करणार आहे? तुम्ही लिहिलंत, "आई-वडील घरी आहेतच." दहा गाई म्हणजे पहाटे चारला उठणं, शेण, कुट्टी, दोन वेळा धारा, वासरं, भांडी. सण नाही, लग्न नाही, आजारपण नाही. आपल्या घरांत हा बोजा आईवर पडतो आणि त्याची मजुरी कोणत्याच हिशेबात दिसत नाही. वरच्या १२,६२५ मधून तिची मजुरी वजा करून बघा. तुम्ही स्वतः गावी येऊन राहणार असाल आणि धार यंत्र घेणार असाल, तर वाढवण्याचा विचार करा. नोकरी करून लांबून गोठा चालवायचा विचार असेल, तर आताच्या दोन गाई आणि फार तर एक-दोन म्हशी, याच्या वर जाऊ नका.

गाय की म्हैस? तुम्ही ज्या मातीत राहता, तिथली म्हैस नावाजलेली आहे. पंढरपुरी म्हैस वेताला सरासरी १,७०० ते १,८०० लिटरच्या आसपास देते, लिटरात मोजलं तर एचएफच्या निम्मंच. पण फॅट सात-आठ, कडब्यावर आणि निकृष्ट वैरणीवर टिकते, ऊन झेपतं, आणि इतर म्हशींच्या मानानं वेळेवर गाभ राहते. लम्पी त्वचारोगाची साथ २०२२ मध्ये आली तेव्हा गाई गेल्या, म्हशींना तितका त्रास झाला नाही. म्हशीच्या दुधाचा डेअरीचा दर गाईच्या साधारण दीडपटीच्या पुढे असतो, आणि तो पावडरीच्या बाजाराबरोबर तितका कोसळत नाही. मंगळवेढ्यात किंवा पंढरपुरात रतीब लावता आला तर आणखी चांगलं. अडचणीही आहेत. मुका माज ओळखायला सवय लागते, उन्हाळ्यात भरत नाही, बहुतेक म्हशी पावसाळ्याच्या शेवटी ते हिवाळ्यात वितात, त्यामुळे दूध वर्षभर सारखं राहत नाही. शिंगं खांद्याच्या मागे जातात, म्हणून दोन म्हशींत अंतर जास्त ठेवावं लागतं. मुऱ्हा दूध जास्त देईल, पण तिला चारा-पाणीही जास्त लागतं. तुमच्या रानाला आणि पाण्याला मी पंढरपुरी सांगेन.

तुमच्या जागी मी दोन्ही ठेवेन: तीन गाई, तीन म्हशी. गाईचं दूध दर दहा दिवसांनी पगार देतं, त्यातून पेंड-औषध भागतं. म्हशी दर पडलेल्या दिवसांत सावरून घेतात. एकाच जातीवर भर दिलेले चांगले गोठेही आहेत, हे मान्य करतो, पण त्यांच्याकडे बारमाही पाणी आहे.

खरेदीबद्दल. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात चांगलं जनावर मिळतं, पण बघणारी नजर लागते. धार न काढता कास तुंबवून आणलेली गाय नवख्याला वीस लिटरची वाटते. शक्यतो गोठ्यावर जाऊन घ्या, लागोपाठ तीन धारा समोर काढून बघा, चारही सड हातानं तपासा, आणि गाभण म्हणून विकत असतील तर डॉक्टरकडून खात्री करून घ्या. कासदाह आणि ब्रुसेलोसिस (गर्भपाताचा सांसर्गिक रोग) तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो, धार काढणाऱ्याला आधी. बाहेरच्या राज्यातून ट्रकनं आलेल्या भारी दुधाच्या गाई आपल्या उन्हात आणि गोचिडांत पहिलं वर्षच कसंबसं काढतात. शेजारच्या गावात, आपल्याच उन्हात वाढलेली पहिलारू कालवड घ्या. महाग वाटली तरी. नवं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा, विमा उतरवा.

त्याहून स्वस्त मार्ग घरातच आहे. तुमच्या दोन गाईंना लिंगनिर्धारित रेतमात्रा भरवा, दहातली साधारण नऊ वासरं कालवडी होतात. हे आज फार गरजेचं आहे, कारण एचएफचा गोऱ्हा औताला चालत नाही, २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर तो कत्तलीसाठी विकताही येत नाही, आणि त्याला पोसायचं की सोडून द्यायचं या पेचात शेतकरी अडकतो. कालवडीला जन्मल्यावर तासाभरात पोटभर चीक पाजा, पहिले तीन महिने दुधात कंजुषी करू नका, जंताचं औषध वेळेवर द्या. अडीचशे किलोच्या वर वजन गेलं की, साधारण दीड वर्षाची असताना ती भरवता येते आणि सव्वादोन-अडीच वर्षांत गोठ्यात नवी गाय उभी राहते, तीही तुमच्या पाण्याची, तुमच्या चाऱ्याची.

लसीकरणाचं थोडक्यात. लाळ्या खुरकूत वर्षातून दोनदा, घटसर्प-फऱ्या पावसाळ्याआधी, लम्पी वर्षातून एकदा, आणि मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची एकदाच. सरकारी दवाखान्यात हे होतं. कानातला बिल्ला तेव्हाच मारून घ्या, पुढे अनुदानाला, विम्याला आणि नुकसानभरपाईला तोच लागतो.

तर दहा लाखांचं कर्ज आत्ता घेऊ नका. यंदाच्या जूनमध्ये एक एकर मका टाका, मुरघास भरा, कुट्टी यंत्र घ्या, उंच छताचा साधा गोठा आणि पाण्याची सावलीतली टाकी करा. एवढं बहुधा तुमच्या बचतीत होईल, नाही झालं तर दीड-दोन लाखांचं कर्ज पुरे. हिवाळ्यात एक-दोन व्यायला आलेल्या पंढरपुरी म्हशी घ्या. पुढचा उन्हाळा नोकरीत राहूनच काढा, सुट्टीला गावी येऊन रोजचा खर्च आणि दुधाची पावती वहीत लिहा. त्या मे महिन्याच्या शेवटी गंजीत कडबा उरलेला असेल, मुरघासाची एखादी बॅग न उघडलेली असेल आणि म्हशी-गाई गाभण असतील, तर दोन जनावरं वाढवा आणि तेव्हा नोकरीचा विचार करा. उरलं नसेल, तर आहे तीच संख्या ठेवून आधी चारा वाढवा.

विहिरीची खोली, मार्चमध्ये विहिरीत पाणी किती असतं, आणि तुमच्या दोन गाई शेवटच्या कधी व्यायल्या व कधी भरवल्या, एवढं कळवलंत तर तुमच्या रानाचा पीकवार चारा-हिशेब मी मांडून देतो. गाईंची माहिती आधी द्या. त्या रिकाम्या असतील तर नवं काही घेण्याआधी त्यांना तपासून घ्यावं लागेल.